विरोधात शून्य मते पडलेला कायदा

दक्षिण कोरियाच्या नॅशनल असेंब्लीने २ मार्च २०१६ रोजी उत्तर कोरिया मानवाधिकार कायदा मंजूर केला, तेव्हा उपस्थित २३६ सदस्यांपैकी २१२ जणांनी बाजूने मत दिले, २४ जण तटस्थ राहिले आणि विरोधात एकही मत पडले नाही. वरवर पाहता हे एकमतच. प्रत्यक्षात २००५ साली पहिल्यांदा मांडलेला हा विषय अकरा वर्षे रखडला होता आणि तोवर अमेरिकेने २००४ मध्ये व जपानने २००६ मध्ये आपापले कायदे केलेही होते. ज्या देशाच्या राज्यघटनेचे तिसरे कलम संपूर्ण कोरियन द्वीपकल्प आपलाच मानते, म्हणजे उत्तरेतील माणसेही तत्त्वतः ज्याचे नागरिक ठरतात, तोच देश या बाबतीत सर्वांत मागे राहिला.

हा विलंब निव्वळ पक्षीय हटवादातून झाला, असे मला वाटत नाही. १९९८ ते २००३ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या किम दे-जुंग यांच्यापासून पुरोगामी पक्षांची धारणा अशी राहिली, की संवाद, मदत आणि ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी यांतूनच उत्तरेतील माणसाचे जगणे थोडेफार सुसह्य होईल, आणि उघड निषेधाने हे दार बंद होईल. सोल शहर सीमेपासून फार दूर नाही, हेही विसरता येत नाही. शिवाय पुराणमतवाद्यांच्या तोंडी मानवाधिकारांची भाषा अनेकांना खटकत असे, कारण १९४८ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली साम्यवादविरोधाच्या नावाने स्वतःच्याच नागरिकांना तुरुंगात टाकणाऱ्या राजवटींचा वारसा त्यांच्याकडे होता. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने उत्तरेत मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असल्याचा निष्कर्ष काढला आणि राजकीय कैद्यांच्या छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार माणसे असल्याचा अंदाज मांडला. त्यानंतर नुसते मौन पाळून संवादाची वाट पाहणे पुरोगाम्यांनाही अवघड झाले.

विरोधात मत देणे अशोभनीय ठरले, म्हणून मग विरोध अंमलबजावणीत उतरला. कायद्याने या विषयावर संशोधन करणारे आणि त्यासाठी काम करणाऱ्या संघटनांना मदत देणारे उत्तर कोरिया मानवाधिकार प्रतिष्ठान स्थापायचे होते; त्याच्या मंडळावर जास्तीत जास्त १२ संचालक, त्यांपैकी दोघे एकीकरणमंत्र्यांनी (उत्तरेशी संबंधांचे खाते सांभाळणाऱ्या मंत्र्यांनी) सुचवायचे आणि उरलेल्यांची नावे सत्ताधारी व विरोधी पक्षांनी निम्मी-निम्मी द्यायची, अशी तरतूद होती. पुरोगामी डेमोक्रॅटिक पक्षाने नावे दिलीच नाहीत आणि प्रतिष्ठान वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. भाड्याने घेतलेले कार्यालयही २०१८ मध्ये बंद करण्यात आले. मानवाधिकार राजदूताचे पद २०१७ पासून जुलै २०२२ पर्यंत रिकामे होते. कायदा रद्द करायचा तर सभागृहात उभे राहून कारण सांगावे लागते. नाव न सुचवण्यासाठी तेवढेही करावे लागत नाही. मला हा मार्ग उघड विरोधापेक्षा अधिक आक्षेपार्ह वाटतो.

अर्थात दुसऱ्या बाजूची भीती अगदीच निराधार नव्हती. प्रतिष्ठानाचा पैसा फुग्यांतून उत्तरेकडे तिथल्या राजवटीविरोधी पत्रके सोडणाऱ्या गटांकडे जाईल, ही शंका आधीपासून होती. पुढे २०२० मध्ये पत्रकांवरून तणाव वाढला आणि १६ जूनला उत्तरेने आपल्या हद्दीतील केसाँगमधले दोन्ही कोरियांचे संपर्क कार्यालय स्फोटाने उडवले. त्याच डिसेंबरमध्ये पत्रकांवर बंदी आली, तीही तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा तीन कोटी वॉनपर्यंतच्या दंडाची. सप्टेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती रद्द केली. सीमेवरील गावकऱ्यांच्या जिवाची काळजी रास्त आहे, पण त्यासाठी एवढी शिक्षा हा अतिरेकच होता.

या साऱ्या गदारोळात कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद झाकोळली गेली, ती म्हणजे उत्तरेतून आलेल्यांच्या साक्षी नोंदवण्याची. एकीकरण मंत्रालयाच्या केंद्राने त्या गोळा करायच्या आणि ठरावीक मुदतीने न्याय मंत्रालयाकडे जपायला द्यायच्या. याचा आदर्श पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये झाल्झगिटर येथे उघडलेले, पूर्व जर्मन राजवटीच्या अत्याचारांची नोंद ठेवणारे केंद्र हा होता. ते बंद करा, अशी मागणी पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांनी १९८० मध्ये जाहीरपणे केली होती, आणि पुढे सोशल डेमोक्रॅट सरकारे असलेल्या राज्यांनी त्याचा निधीही थांबवला. तरीही सुमारे ४१ हजार नोंदी शिल्लक राहिल्या आणि एकीकरणानंतर खटल्यांत व पीडितांच्या पुनर्वसनात उपयोगी पडल्या. म्हणून प्रतिष्ठानाचे काय व्हायचे ते होवो, नोंदणीचे काम मात्र पक्षांच्या नामनियुक्त्यांपासून आणि बदलत्या सरकारांच्या उत्तरविषयक धोरणापासून वेगळे काढून, स्वतंत्र निधी असलेल्या संस्थेकडे सोपवावे, असे माझे मत आहे.