स्प्रेडचा क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये अडतो कुठे?

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) जवळ आला की ठरलेला वाद सुरू होतो: कॉलेजात स्प्रेड (पास झेलणारे रिसीव्हर मैदानभर पसरवून खेळायची पद्धत) खेळलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा पोरगा, तिथे टिकेल का? आणि बोलणं सगळं हाताच्या ताकदीवर. पहिल्या फेरीत निवडल्या जाणाऱ्या बहुतेकांचा हात चांगलाच असतो. गाडी अडते ती पायांत, आणि स्नॅपच्या, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देण्याच्या, आधीच्या काही सेकंदांत.

स्प्रेडमध्ये नेहमीच्या शॉटगन मांडणीत क्वार्टरबॅक सेंटरच्या साधारण 5 यार्ड मागे उभा असतो. चेंडू हातात येईपर्यंत समोरचा सगळा बचाव त्याला दिसतो. सेंटरला चिकटून चेंडू घ्यायचा म्हटलं की 3, 5 किंवा 7 पावलं मागे जावं लागतं, आणि प्ले-ॲक्शन (धावेची हूल देऊन पास) असेल तर बचावाकडे चक्क पाठ करावी लागते. तो परत वळेपर्यंत सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) जागा बदलून मोकळा. पावलं रिसीव्हरच्या वळण्याशी जुळवलेली असतात; एक पाऊल जास्त पडलं की चेंडू उशिरा सुटतो आणि रिसीव्हरवरचा बचावपटू, कॉर्नरबॅक, आयता मध्ये शिरतो.

मैदानाचंही बघा. रुंदी दोन्हीकडे 160 फूट, पण कॉलेजात हॅशच्या रेघांमध्ये (प्रत्येक चाल त्यांच्यावर किंवा त्यांच्यामधूनच सुरू होते) 40 फुटांचं अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की पलीकडे 100 फूट मोकळे मिळतात. स्प्रेडचं निम्मं भांडवल तेच. एनएफएलमध्ये ती बाजू जास्तीत जास्त 89 फुटांची. शिवाय कॉलेजात पास सुटेपर्यंत लाइनमन (क्वार्टरबॅकसमोर अडवणारे) 3 यार्ड पुढे गेलेले चालतात, इथे एकच. आरपीओला (धाव की पास हे ऐन वेळी ठरवायच्या चालीला) त्यामुळे वेळच कमी मिळतो.

सगळ्यात अवघड मात्र स्नॅपच्या आधीचं. कॉलेजात 2023 पर्यंत पोरं बाजूला उभ्या प्रशिक्षकांकडे बघून खुणा घ्यायची. एनएफएलमध्ये प्ले, म्हणजे पुढची चाल, हेल्मेटमध्ये ऐकू येतो, आणि चालीच्या घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज बंद. पुढे माईक (मधला) लाइनबॅकर कोण, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची चढाई) कुठून येणार, कोणी कोणाला अडवायचं, हे बऱ्याच संघांत क्वार्टरबॅकलाच ओरडून सांगावं लागतं.

टिम काऊचवरून एअर रेडला (स्प्रेडच्या पासवर भर देणाऱ्या प्रकाराला) नावं ठेवणारे अजून भेटतात. केंटकीचा हा खेळाडू 1999 मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या क्लीव्हलंडने पहिल्या क्रमांकावर घेतला आणि पहिल्याच हंगामात तो 56 वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला. त्यात लाइनचा वाटा किती, हे कोणी मोजत नाही. युटाचा ॲलेक्स स्मिथ 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला: पहिल्या हंगामात 1 टचडाउन, 11 इंटरसेप्शन (बचावाने पकडलेले पास). त्यातून 2005 ते 2008 दरवर्षी नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक), म्हणजे दरवर्षी नवी भाषा.

लॉस एंजेलिस रॅम्सच्या जॅरेड गॉफचं उदाहरण जास्त शिकवणारं. 2016 मध्ये 7 सामन्यांत सुरुवात केली, सातही हरले. 2017 मध्ये शॉन मॅक्वे मुख्य प्रशिक्षक म्हणून आला. त्याने संघाला लवकर लाइनवर उभं करायला सुरुवात केली, म्हणजे आवाज बंद होण्याआधी बचावाची मांडणी बघून गॉफशी बोलता येई. सेंटरमागून प्ले-ॲक्शनही भरपूर खेळवला. 28 टचडाउन, 7 इंटरसेप्शन. पोरगा तोच होता.

टेक्सास टेकच्या पॅट्रिक माहोम्सला कॅन्सस सिटीने 2017 चं जवळजवळ सगळं वर्ष बाकावर बसवलं, तेही ॲलेक्स स्मिथच्याच मागे. तिथला प्रशिक्षक अँडी रीडने शॉटगन आणि स्प्रेडच्या कल्पना आपल्या प्लेबुकात आधीच घेतल्या होत्या. 2018 मध्ये 50 टचडाउन आले.

फिल्म बघायला बसाल तेव्हा टचडाउनच्या क्लिप सोडा. थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) 8-9 यार्ड हवे असताना पहिला रिसीव्हर झाकला गेला, तर नजर दुसऱ्याकडे जाते का आणि नजरेबरोबर पाय वळतात का, एवढंच बघा. नजर हलली आणि पाय जागच्या जागी राहिले, तर तो चेंडू रिसीव्हरच्या मागे पडणार.