वही परत देताना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मी कित्येक वर्षं हसून टाळत आलेय. वाळपईच्या बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, कदंबच्या बसमध्ये मागच्या बाकावरून कुणी जुना विद्यार्थी ओळख दाखवतो आणि दोन वाक्यांनंतर तिथेच येतो. "बाई, वही परत देताना तुम्ही आम्हाला 'देव बरें करूं' का म्हणायचात? वही आमची, चुका आमच्या, तपासायचे कष्ट तुमचे. मग आभार कसले?" शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षिकाही विचारायच्या. तपासणीला आलेल्या एका भागशिक्षणाधिकाऱ्यांनी तर भर वर्गात विचारलं होतं, जरा चेष्टेनंच. "तोंडाला सवय," मी म्हटलं. सगळ्यांना तेच सांगते. ते खोटं नाही. पण सवय लागली कशी, हे सांगायचं तर जरा बसावं लागतं.

गोव्याबाहेरच्यांसाठी आधी एक. 'देव बरें करूं' म्हणजे 'देव तुझं भलं करो'. हिंदू म्हणतात, ख्रिस्ती म्हणतात, कंडक्टरला सुट्टे दिले तर तोही म्हणतो. आभार मानले की हिशेब मिटतो, तसा याने मिटत नाही. माझ्याच्यानं फेड होणार नाही, देव काय ते बघून घेवो, असं म्हणून माणूस आपलं देणं देवाच्या खात्यावर ढकलतो. माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या सभामंडपात बसून मुळाक्षरं शिकले. मास्तरांना मिळायचं ते भात, नारळ, सणाला धोतर. ते मास्तर मुलाच्या हातून नारळ घेताना काय म्हणत असतील? आमचा पगार बँकेत जमा होतो, त्यामुळे कुणाला काही म्हणायची पाळीच येत नाही.

मी 1990च्या जूनमध्ये सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागले. माहेर फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याचं, कुळागरातलं. पोफळी, मिरवेली, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या हे सगळं मला पाठ. काजू आमच्याकडेही होता, पण तो वर डोंगरावर, आणि आमच्या घरच्या मुलींनी डोंगरावर जायचं नाही. म्हणजे काजूतलं मला काय कळायचं, तर बिया भाजल्या की वास छान येतो.

त्या वेळी राजभाषा कायदा होऊन तीनच वर्षं झाली होती. 1987चा तो कायदा आणि त्याआधीची भांडणं ज्यांनी पाहिलीत त्यांना जास्त सांगायला नको. कोकणी की मराठी यावरून स्टाफरूममध्ये चहाचे कप आपटले जायचे. मुलांची मात्र वेगळीच तऱ्हा. घरात कोकणी, चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पाचवीत गेलं की गणित-विज्ञान सगळं इंग्रजीत आणि मराठीचा दिवसाला एक तास. त्या एका तासात या मुलांचं मराठी मी शुद्ध करून दाखवणार होते. लाल बॉलपेनांचा अख्खा डबा घेऊन आले होते, एक डझनाचा.

पहिलाच निबंध दिला, 'माझी मे महिन्याची सुट्टी'. आठवीच्या बेचाळीस वह्या. बहुतेकांनी मामाचं गाव आणि आंबे लिहिले होते, खरं म्हणजे कुठल्यातरी गाईडातून उतरवले होते. एकाने मात्र दोन पानं भरून काजू लिहिला होता. "आम्ही पहाटे काजू पुंजावतो. बोंडू कोळंबीत घालतो आणि बाबा पायांनी तुडवतात. मग नीरो गळतो. भाटीवर भाण चढवतात. पहिला हुर्राक मामाला देतात." मी पेन चालवलं. पुंजावतो खोडून 'गोळा करतो'. नीरो खोडून 'रस'. भाण खोडून 'भांडे'. हुर्राकाखाली, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूखाली, दोन रेघा आणि समासात 'शालेय निबंधात हा विषय नको'. कोळंबीपाशी मात्र थांबले आणि मोठं प्रश्नचिन्ह काढलं. दहापैकी तीन गुण.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. "यांच्याकडे कोळंबीत काजू तुडवतात. आमच्याकडे कोळंबीची आमटी करतात." वर्ग हसला. नवी बाई विनोदी आहे म्हणून खूश झाला.

मुलगा उठून उभा राहिला. रडला-बिडला नाही. "सुंगटां न्हय बाई. फातर." मासळी नव्हे, दगड. मग जपून, एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाला, "दगडात कोरलेली असते. खोलगट. तिला मराठीत काय म्हणतात, बाई? मी तसं लिहितो."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मी त्याला खाली बसवलं असतं. तो नव्हता. त्याला खरोखरच शब्द हवा होता, आणि बाईंकडे तो असणारच याची त्याला खात्री होती. मी म्हटलं, "उद्या सांगते."

शाळेच्या वाचनालयातला शब्दकोश काढला. संस्कृतचे मास्तर म्हणाले, "कुंड म्हणा, टाकी म्हणा, काय फरक पडतो?" पण कुंड देवळापाशी असतं आणि टाकीत पाणी. तुडवायची जागा, पायाच्या मापाने घासून गुळगुळीत झालेली, रस एका कडेने वाहून जाईल अशा उताराची, हे सगळं एका शब्दात मला कुठे मिळेना. तिसऱ्या दिवशी वह्या वाटताना त्याची वही हातात आली तेव्हा म्हटलं, "मला नाही सापडला रे. तुझाच राहू दे." आणि पाठोपाठ, का कुणास ठाऊक, आजी कुणाकडून काही घेताना म्हणायची तसं तोंडातून निघून गेलं, "देव बरें करूं." तो माझ्याकडे बघतच राहिला, बाईंना ऊन लागलं की काय अशा नजरेनं. तीनाचे मी सात केले. दहा का नाही, असं परवा एकाने विचारलं. अहो, ऱ्हस्व-दीर्घ फार भयानक होतं.

पुढच्या एप्रिलात त्याच्या बाबांनी मला ती कोळंबी दाखवली. तुडवलेल्या बोंडूंच्या चोथ्यावर दगडाचं वजन ठेवलेलं आणि खालून नीरो थेंबथेंब गळत होता. तांब्या भरून प्यायले. तो 'रस' नव्हताच. एका खोडणीत मी त्या पोराचं केवढं काय पुसून टाकलं होतं ते तिथे उभ्याउभ्या कळलं. हुर्राकही पुढे केला होता त्यांनी, पण शाळेच्या बाईंनी काय प्यावं याबद्दल सत्तरीचे नियम पक्के आहेत. मी नको म्हटल्यावर सगळ्यांनाच हायसं वाटलं.

तेव्हापासून लाल पेन कमी झालं आणि पेन्सिल आली. शुद्धलेखन सोडलं नाही, ते मी शेवटपर्यंत सोडलं नाही. पण प्रत्येक वहीत मला माहीत नसलेलं निदान एक काहीतरी शोधायचं, असा स्वतःला नेम घातला. शनिवारी फोंड्याच्या बसमध्ये वह्या मांडीवर घेऊन बसायचे आणि सापडलेला शब्द एका लांब वहीत उतरवायचे. डावीकडे त्यांचा, उजवीकडे मराठी. वही परत देताना जे म्हणायचे ते त्या शब्दाबद्दल. गाईडातून उतरवलेल्या निबंधात काही सापडायचं नाही, पण वगळलं तर पोराला कळलं असतं, म्हणून त्यालाही म्हणायचे. म्हणजे थोडी फसवाफसवीही होती.

मी काही साध्वी नव्हते. सुरुवातीच्या वर्षांत फूटपट्टी वापरली आहे, आणि एकदा एका मुलीला तिने न केलेल्या चोरीवरून वर्गाबाहेर उभं केलं आहे. ती आज भेटते तेव्हा काही बोलत नाही. मीच इकडेतिकडे बघते.

पण लोक मला प्रेमळ बाई म्हणतात, आणि पुरावा म्हणून नेहमी नाणूसच्या किल्ल्याची सहल सांगतात. ती एकदाची नीट सांगून टाकते.

सप्टेंबर 2012मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. होंडा, पिसुर्ले भागातून आमच्याकडे बरीच मुलं यायची. तोवर त्यांच्या वह्यांवर तांबडी धूळ असायची, पानं उलटली की माझी बोटं लाल व्हायची. धुळीबद्दल आम्ही सगळे कुरकुरायचो. मग धूळ थांबली आणि कर्ज काढून घेतलेले ट्रक घरासमोर उभे राहिले. कुणाचा बाप ट्रकवर होता, कुणाचा गॅरेजात, कुणाच्या आईचं खाणीच्या रस्त्यावर चहाचं दुकान. शाळेत कुणी काही बोलायचं नाही. फक्त डिसेंबरच्या सहलीचे पैसे गोळा होईनात. जुनं गोवें आणि दोनापावल, बसचं भाडं आणि जेवण. चाळीसातल्या तेवीस जणांनी दिले. बाकीचे रोज 'विसरलो' म्हणायचे.

नववीची मॉनिटर मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात आली. तिने पैसे कधीच भरले होते. म्हणाली, "बाई, दोनापावल सगळ्यांनी पळयलां. नाणूसां चलत वचूंया." दोनापावल सगळ्यांनी पाहिलंय, नाणूसला चालत जाऊ या. मी म्हटलं, आता बस ठरवलीय. ती हलेना. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी. थोड्या वेळाने माझ्या डोक्यात उजेड पडला. तिने एकाही मैत्रिणीचं नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

सगळ्यांचे पैसे परत केले आणि बस मिळाली नाही असं सांगितलं. वर्ग चालत नाणूसला गेला. 1852 साली दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध बंड पुकारलं ते हाच किल्ला ताब्यात घेऊन. आता पडके चिरे आणि झाडोरा. मुलांनी घरून जे होतं ते आणलं. भाकरी, उकडलेली कणगी, कुणी नुसता गूळ, आणि सगळं एका केळीच्या पानावर ओतलं. बंडाची गोष्ट मी सांगितली, पण अर्धी मुलं माकडांकडे बघत होती. पालकांनी नंतर येऊन माझे हात धरले, 'बाई, तुम्ही समजून घेतलंत' म्हणाले. समजून घेतलं होतं चौदा वर्षांच्या पोरीने. मला ते पालकांना सांगता येईना, कारण सांगितलं तर तिने झाकलेलं उघडं पडलं असतं. म्हणून ते कौतुक मी गुपचूप घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे.

गणेशचवथीच्या आदल्या दिवशी मी फोंड्याच्या बसमध्ये चढायचे तेव्हा कंडक्टर हसायचा, "बाई, माटोळी घेऊन चालल्या की जंगल?" माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानातल्या फळापानांची सजावट. कवंडळ, कांगलां, घागऱ्यो, तोरिंग, सुपारीचं शिपटं, सगळं पोरांनी आणलेलं. सावईच्या आमच्या घरातल्या माटोळीला सत्तरीचं रान लटकायचं. त्या लांब वहीतली जवळजवळ तीन पानं एकट्या माटोळीची आहेत.

शेवटची वर्षं ऑनलाईनची. 2020मध्ये शाळा फोनवर आली आणि सत्तरीत फोनला धड रेंज नव्हती. मुलं काजूच्या डोंगरावर चढून दगडावर बसायची, वहीच्या पानाचा फोटो पाठवायची. फोटोत अक्षरापेक्षा पावसाचे थेंब जास्त. मी चष्मा पुसत बसायचे आणि मग लक्षात यायचं, काच स्वच्छच आहे.

23 जुलै 2021ला म्हादई नदी चढली. 1982 नंतर एवढं पाणी पाहिलं नव्हतं, असं जुनी माणसं सांगत होती. मातीची घरं बसली. दोन दिवस कुणाचाच फोन लागेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आठवीच्या एका मुलाचा आवाजी निरोप आला, मागे माणसांचा गलका. घरात पाणी शिरलं होतं, तो मावशीकडे होता, पुस्तकं गेली होती. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि मग माफी मागितल्यासारखा म्हणाला, "बाई, निबंध फाल्यां दितां." उद्या देतो.

मी तीनदा काहीतरी टाईप केलं आणि तीनदा पुसलं. निबंधाचं राहू दे, हे लिहायला हवं होतं, ते नंतर लिहिलं. आधी गेलं ते नेहमीचंच, देव बरें करूं. लगेच उलट आलं, "कित्याक, बाई?"

त्यालाही मी सवय म्हणूनच सांगितलं.

2023मध्ये निवृत्त झाले. लांब वही घरी आहे. चारशे बारा शब्द झालेत. बहुतेकांसमोर उजवीकडे काही ना काही लिहिलंय. पुंजावणे या शब्दासमोर 'वेचणे' लिहून पुढे 'पण तसं नाही' अशी पेन्सिलची टीप आहे. पहिल्या पानावर पहिलीच ओळ 'कोळंबी', आणि तिच्यासमोरचा रकाना तेहतीस वर्षं तसाच कोरा. तो मुलगा आता स्वतः कोळंबीत उतरतो. गेल्या एप्रिलात नीरोची बाटली घेऊन आला होता, त्याने वही चाळली आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, उद्या सांगते म्हणाला होतात."