डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं. सोबत विषयांची यादी होती: जुनी इमारत, स्नेहसंमेलनं, क्रीडांगण, आवडते शिक्षक. जुन्या इमारतीवर इतर लिहितीलच. इथे फक्त गुरुवारच्या शेवटच्या दोन तासिका आहेत, म्हणजे पर्यायाने बाई आहेत. कोणत्या बाई, हे त्या वर्षांत आठवीत असलेल्या कुणालाही सांगायला नको. या मजकुरात 'मी' सापडणार नाही. बातमीत बातमीदार डोकावला की बाईंची लाल पेन्सिल त्याला बाहेर काढत असे, आणि ती सवय आता या वयात जायची नाही.

आठवीत कार्यानुभवासाठी एक रकाना निवडावा लागे. सुतारकाम, शिवणकाम, बागकाम आणि शेवटी 'इंग्रजी व वृत्तपत्रलेखन'. तख्ते आणि सुया सोडून कागदावर कागद लिहिण्यात कसला आलाय कार्यानुभव, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जाई. पालकांचा प्रश्न वेगळा होता: याचे गुण दहावीला धरतात का? धरत नसत, नुसती श्रेणी मिळे. त्यामुळे त्या रकान्यात दोनच जातीची मुलं जमत. काहींना इंग्रजीची हौस असे, बाकीच्यांना रंधा आणि सुई दोन्हींची धास्ती असे. बाईंचा जीव दुसऱ्या गटावर अधिक होता. मराठी माध्यमात तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, म्हणजे आठवीतल्या मुलाच्या पदरी जेमतेम तीन वर्षांचं इंग्रजी. तेवढं पुरे आहे, असं बाई सांगत.

दोन विषय एकत्र का, याला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. निबंध पाठ करता येतो. 'माय मदर' हा निबंध चाळीस वह्यांत चाळीस वेळा तोच निघतो, आणि चाळीसही आया पहाटे पाचला उठतात. बातमी पाठ करता येत नाही, कारण ती अजून घडलेलीच नसते. शिवाय मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं तेच मुळी दोन भाषांत. एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. हा वर्ग दर आठवड्याला हाताने लिहून जे भित्तिपत्रक काढी, त्याची मांडणी बाईंनी तिथूनच उचलली.

तो कागद नीट सांगितला पाहिजे, कारण सगळं व्याकरण त्याच्या मापातून आलं. ड्रॉइंगचा पूर्ण ताव, २२ इंच रुंद, ३० इंच उंच, उभा धरायचा. दोन्ही कडांना एक-एक इंच समास, मधे एक इंचाची मोकळी पट्टी, म्हणजे साडेनऊ इंचांचे दोन स्तंभ. वर शीर्षासाठी चार इंच, खाली एक इंच सोडला की मजकुराला पंचवीस इंच उरत. इंग्रजीच्या ओळी अर्ध्या इंचावर आखल्या तर पन्नास ओळी बसत. चार बातम्यांचे मथळे आणि मधल्या जागा मिळून बारा ओळी जात, आणि ओळीला साधारण आठ शब्द धरले तर हाती तीनशे शब्द राहत. मराठीला अर्धा इंच पुरत नाही. वरचा रफार, वेलांटी आणि खालचा उकार शेजारच्या ओळीत घुसतात, म्हणून मराठीच्या ओळी पाच अष्टमांश इंचावर. ओळी होतात चाळीस, शब्द उरतात सव्वादोनशेच्या आत-बाहेर. पण मराठीला तेवढेच लागतात. 'इन द स्कूल' हे तीन शब्द, 'शाळेत' हा एक. विभक्ती शब्दाला चिकटते आणि आर्टिकल नसतात, म्हणून दोन्ही स्तंभ जवळजवळ एकाच रेघेवर संपत. ज्या आठवड्यात संपत नसत, त्या आठवड्यात कुठल्या तरी बाजूला कुणीतरी पाल्हाळ लावलेलं असे. उरलेल्या जागेत सुविचार टाकायला मनाई होती.

आखणी फिक्या पेन्सिलीने. मराठीला तिरक्या कापलेल्या टोकाची कट निब, इंग्रजीला गोल टोकाची. एकच कट निब दोन्हींना चालवली की रोमन अक्षराची जाड रेघ भलत्या बाजूला पडते आणि मजकूर दाढी वाढल्यासारखा दिसतो.

बातम्या सोमवारी वाटल्या जात, बुधवारपर्यंत कच्चा मजकूर येई, गुरुवारी कापाकापी, शुक्रवारी लेखन, शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थनेआधी ताव काचपेटीत. गुरुवार खरा बाईंचा. पहिल्यांदा बळी जायचे ते 'मोठ्या उत्साहात', 'मान्यवरांच्या उपस्थितीत' आणि 'संपन्न झाला'. उत्साह मोजता येत नाही, किती जण आले ते लिहा. मान्यवर म्हणजे कोण, नाव लिहा. 'झाला' असताना 'संपन्न' कशाला? आणि मग 'झाला' तरी कशाला, काय झालं ते सांगा. इंग्रजीकडे या तिघांचे सख्खे भाऊ 'ग्रेट पॉम्प' आणि 'चीफ गेस्ट ग्रेस्ड द ऑकेजन' असत. तेही त्याच पेन्सिलीने जात.

इंग्रजीत बातमीचे प्रश्न म्हणजे पाच डब्ल्यू आणि एक एच. मराठीत कोण, काय, कुठे, कधी, का, कसे, सहाही 'क'. पहिल्या वाक्यात सहाही कोंबले की वाक्य फुटतं. 'काय' आणि 'कोण' आधी, बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात. इथेच दोन भाषांची गाठ पडायची. मराठीचं क्रियापद शेवटी येतं. पंचवीस शब्दांचं वाक्य असेल तर सामना जिंकला की हरला हे पंचविसाव्या शब्दाला कळतं. इंग्रजीत ते तिसऱ्या-चौथ्या शब्दाला कळतं. म्हणून मराठीचं पहिलं वाक्य दहा-बारा शब्दांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि इंग्रजीचं वाक्य मराठीवरून ओळीने उतरवायचं नाही. आधी क्रियापद शोधा, ते उचलून कर्त्याशेजारी बसवा, मग उरलेलं सामान लावा.

आर्टिकल बाईंनी नियमांनी शिकवलेच नाहीत. वाचकाला मुलगा पहिल्यांदा भेटतोय, 'अ बॉय'. पुढच्या परिच्छेदात तोच मुलगा, 'द बॉय'. आठवीच्या पुस्तकातले दीड पान नियम यात उरकले. 'हॅड'चंही तसंच. मराठीत 'काल तो आला होता' हे साधं भूतकाळी वाक्य आहे, म्हणून आपण सर्रास 'ही हॅड कम येस्टरडे' लिहितो. इंग्रजीत 'हॅड' तेव्हाच, जेव्हा दुसरी एखादी घटना त्याच्यानंतर घडलेली त्याच बातमीत असते. दुसरी घटना दाखवा, नाहीतर 'हॅड' खोडा. 'सेड' आणि 'टोल्ड' यांत फरक इतकाच की 'टोल्ड'ला ऐकणारा लागतो. 'टुडे मॉर्निंग' नाही, 'धिस मॉर्निंग'. 'डिस्कस्ड'नंतर 'अबाउट' नाही. ही यादी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात वर्षभर असायची, त्या कोपऱ्याला डस्टर लावायचं नाही.

सर्वांत अवघड जायचं ते दुसऱ्याचं बोलणं. मराठीत 'मी राजीनामा देणार नाही, असे अध्यक्ष म्हणाले' हे चालतं. बोलणाऱ्याचा 'मी' तसाच राहतो. इंग्रजीत अवतरणचिन्हं काढली की 'आय'चा 'ही' होतो आणि 'विल'चा 'वुड'. हे विसरलं तर राजीनामा न देणारा बातमीदार ठरतो. 'अध्यक्ष' या शब्दानेही घोटाळे होत. सभेचा अध्यक्ष वेगळा, संस्थेचा वेगळा, विधानसभेचा वेगळा. इंग्रजीत तिघांना तीन शब्द. कुलपती आणि कुलगुरू यांत व्हाइस चॅन्सलर कोण, हे अजूनही भल्याभल्यांना सांगता येत नाही. कुलगुरू.

आता 'परवा'ची गोष्ट. शाळेच्या इतिहासात ती कुठे नोंदलेली नसणार, म्हणून इथे. आंतरवर्गीय खो-खोचा अंतिम सामना सोमवारी होता. शनिवारी लागणाऱ्या अंकात मराठीकडून मजकूर आला: 'खो-खोचा अंतिम सामना परवा शाळेच्या मैदानावर.' क्रियापद नाही, मथळ्याला लागतही नाही. इंग्रजीकडच्याने ते घेतलं आणि 'वॉज प्लेड द डे बिफोर येस्टरडे' असं सफाईदार लिहिलं. मराठीतला 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. इंग्रजीला बाजू निवडावी लागते, आणि त्याने निवडली. एकाच तावावर, एका इंचाच्या पट्टीच्या दोन बाजूंना, सामना व्हायचाही होता आणि झालेलाही होता. दोन वाचकांनी तपासून पाहिलं तरी सुटलं, कारण प्रत्येकाने आपापलाच स्तंभ वाचला. मधल्या सुट्टीत एका वर्गाचा कर्णधार काचपेटीपाशी उभा राहून विचारू लागला, आम्ही जिंकलो की हरलो?

बाईंनी ताव उतरवला नाही. चुकीच्या ओळीशेजारी समासात लाल शाईने तारीख लिहिली आणि पुढच्या अंकात त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती घातली. चूक कुणाची, यावर वर्गात वाद झाला. सगळ्यांनी इंग्रजीवाल्याकडे बोट दाखवलं. बाईंनी ती मराठीवाल्याच्या नावावर टाकली: दोन अर्थ निघतील असं लिहिणाऱ्याने दुसऱ्याला फसवलं. त्या दिवसापासून काल, आज, उद्या, परवा हे चौघे हद्दपार. वार आणि तारीख. कारणही सरळ होतं. ताव आठवडाभर टांगलेला असतो, शनिवारचा 'काल' मंगळवारी खोटा होतो.

मुद्रितशोधनाची पद्धतही त्यानंतर बदलली. एकाने कच्चा मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्याने ताव बघायचा. मग जागा बदलून दुसरा स्तंभ. तिसरी फेरी इंग्रजीच्या स्पेलिंगची, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. उलटं वाचलं की अर्थ लागत नाही, म्हणून डोळा घसरत नाही. चुका लपतात त्या मथळ्यात, नावांत आणि आकड्यांत. मथळा इतका मोठा असतो की तो कुणी वाचतच नाही. आकड्यांत ठरलेला चोर म्हणजे मराठी एक. तो इंग्रजी नवासारखा दिसतो आणि तारीख उतरवताना अकराचे नव्व्याण्णव करतो.

कान तयार व्हायला आकाशवाणी होती. लहान गावच्या वृत्तपत्रांना उतरवून घेता यावं म्हणून इंग्रजी बातम्या मुद्दाम धीम्या गतीने वाचल्या जात. बाई त्या घरी ऐकून उतरवत आणि वर्गात त्याच चालीने पुन्हा वाचत. दहा मिनिटं लिहायचं, मग त्याचा मराठीत चार ओळींचा सारांश. ज्याला शब्द अडला त्याने जागा सोडून पुढे जायचं. थांबला तो संपला.

६ जानेवारीला चार पानी अंक निघे, तो सायक्लोस्टाईल, म्हणजे मेणाच्या कागदावर (स्टेन्सिलवर) अक्षरं कापून त्यांतून शाई उतरवलेला. स्टेन्सिल टंकयंत्रावर कापायचा तर आधी रिबन बाजूला करायची, कारण अक्षर शाईने नव्हे, खिळ्याच्या धारेने मेण कापून उमटतं. फटका जोरात बसला की इंग्रजी 'ओ'चं पोट गळून पडतं आणि पानभर काळे ठिपके येतात. हलका बसला तर अक्षर येतच नाही. चूक झाली तर लाल दुरुस्तीचं द्रव लावून पूर्ण वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही, मग त्यावर पुन्हा हलक्या हाताने. ड्रमवर बसवताना एक सुरकुती राहिली तर शेवटच्या प्रतीपर्यंत तिरकी काळी रेघ. कागद गुळगुळीत घेतला की शाई शोषली जात नाही आणि वरच्या प्रतीच्या पाठीवर खालची उमटते. गुळगुळीत कागद दिसायला चांगला म्हणून एका वर्षी आणला होता. त्या वर्षीचा अंक दोन्ही बाजूंनी वाचता येतो, एका बाजूने उलटा.

त्या रकान्यातून गेलेल्यांत पत्रकार फार थोडे झाले. तेव्हा पत्रकारिता शिकायची म्हणजे आधी पदवी, मग पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, जिथे विद्यापीठाचा विभाग १९६४ पासून आहे. बारावीनंतर थेट घेता येणारा मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम २००० च्या सुमारास आला. बाकीचे बँकेत, न्यायालयात अनुवादक, शाळांत, दुकानात गेले. दुकानवाल्याच्या पाटीवरही तारीख पूर्ण असते.

आता बातमीलेखन दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेतच आहे, गुणांसकट. म्हणजे पालकांच्या त्या प्रश्नाला अखेर उत्तर मिळालं. पण त्याची मार्गदर्शकं चाळली तर नमुन्यात पहिल्याच ओळीत 'मोठ्या उत्साहात' भेटतं, आणि मुलं तेच पाठ करतात. काचपेटीत वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स आहे. इंग्रजी हवं असेल तर फोन ते क्षणात करून देतो, अगदी गुळगुळीत. 'परवा'ची बाजू मात्र तोही विचारत नाही, निवडून मोकळा होतो.

जुने ताव गुंडाळी करून कपाटावर ठेवलेले आहेत, असं कळलं. महोत्सवाच्या प्रदर्शनात ते लावायचे असतील तर एवढं करा. गुंडाळी ओढून उघडू नका, कागद ठिसूळ झालेला असणार. सैल सोडून एक दिवस ठेवा, मग सपाट पाटीखाली दोन दिवस. ओलं फडकं अजिबात लावू नका, शाई पाण्यात विरघळणारी आहे. चिकटपट्टी नको, कोपऱ्यांना कागदी खाचा करून त्यांत अडकवा. एका तावाच्या समासात लाल शाईने लिहिलेली तारीख सापडेल. तो ताव काचपेटीत मध्यभागी लावा, आणि कृपा करून ती लाल तारीख फ्रेमखाली झाकू नका.