जुना लॅपटॉप, लिनक्स आणि मराठी लेखन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आणि धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका दिवसात कालबाह्य ठरले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६च्या सुमारास घेतलेला, आठ जीबी रॅमचा उत्तम लॅपटॉपही त्या अटींत बसत नाही. असा लॅपटॉप मोडीत काढण्याआधी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली चालवून पाहावी, असे मी परिचितांना आग्रहाने सांगतो.

उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या पायावर उभी असलेली ही प्रणाली २००६ पासून उपलब्ध आहे. तिला किमान दोन जीबी रॅम पुरते, चार असल्यास काम सुखाने होते. २०२४ साली आलेल्या मिंट २२ला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळणार आहेत. पेन ड्राइव्हवरून ती सुरू केली की हार्ड डिस्कवरील काहीही न बदलता वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि आपल्या बँकेचे संकेतस्थळ तपासता येते. ही पायरी घाईने उरकू नये, कारण प्रिंटर चालत नसेल तर ते इथेच कळते.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी मराठी लेखनाची आहे, आणि त्या कसोटीला लिनक्स पूर्णपणे उतरते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या मानकातील इनस्क्रिप्ट कळफलक कीबोर्डच्या सेटिंगमधून निवडता येतो. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांसाठी आयबस आणि एम१७एन या टंकलेखन-साधनांची जोडी आहे. नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्टच शिकावे, असे माझे ठाम मत आहे: स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी असल्याने हात लवकर बसतो, आणि हाच कळफलक विंडोजवरही असल्याने केलेला सराव वाया जात नाही. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील ऱ्य लिब्रेऑफिस या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित उमटतो. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली आणि फाँटात सोय असली, तर ल आणि श हेही मराठी वळणाचे दिसतात.

यामागे पुण्यात झालेले काम आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ साली खुल्या परवान्याखाली दिलेले लोहित फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले होते. मराठी छपाईच्या व्यवसायात घरोघरी पोहोचलेली श्रीलिपी ही फाँट-प्रणाली याच कंपनीची.

लिनक्सकडे वळताना मराठी माणसाला जी अडचण येते, ती मात्र याच छपाईच्या जगातून येते. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारे युनिकोड हे मानक रुळण्यापूर्वीच्या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, आणि त्या काळात दुसरा सोयीचा मार्गही नव्हता. त्यामुळे तशी फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अर्थहीन रोमन चिन्हांच्या ओळी दिसतात. त्या वाचायच्या तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालणे अटळ असते. हे काम कंटाळवाणे असले तरी विंडोजवर राहिल्यानेही ते टळत नाही, कारण या फाइली फोनवर, ई-मेलमध्ये आणि शोधयंत्रातही तितक्याच मुक्या असतात.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला किंवा पेजमेकरमध्ये रोज पाने लावणाऱ्या डीटीपीचालकाला मी लिनक्स सुचवत नाही. पत्रव्यवहार, वाचन, छायाचित्रे आणि बँकेचे व्यवहार एवढ्यासाठी संगणक वापरणाऱ्या निवृत्त शिक्षकाला मात्र निःशंकपणे सुचवतो. त्यांच्या जुन्या फाइलींची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर घ्यावी, रूपांतर तपासून पाहावे आणि त्यानंतरच ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडावा.