धिरधिर : पंजा बसवताना

तबल्याचे तिट आणि तिरकिट हे बोल बऱ्यापैकी बसलेला हातसुद्धा धिरधिर या बोलापाशी अडखळतो. आतापर्यंत काम बोटांचं होतं, इथे अख्खा पंजा वाजतो. दिल्लीच्या दोन बोटांच्या बाजात (वादनशैलीत) पंजाला फारसं काम नसतं, पण लखनौ-फरुखाबादकडचे रेले (जलद लयीत सलग वाहणाऱ्या बोलांच्या रचना) त्याच्याशिवाय उभेच राहत नाहीत.

डग्गा (डाव्या हाताने वाजतो तो) बाजूला ठेवा आणि धिरधिरमधला उजव्या हाताचा भाग, म्हणजे नुसतं 'तिरतिर' घ्या. चारही बोटं जुळलेली, पंजा सपाट, शाईच्या (तबल्यावरच्या काळ्या वर्तुळाच्या) मधोमध. 'ति' करंगळीकडच्या अर्ध्या तळव्याने, 'र' अंगठ्याकडच्या अर्ध्याने. (काही घराण्यांत हे उलट असतं, गुरूंनी जे दिलं तेच धरावं.) हात उचलून आपटायचा नाही, मनगटातून पंख्यासारखा डोलवायचा. कोपर जागचं हलता कामा नये. दोन्ही अक्षरं बंद वाजली पाहिजेत. गुंज उरत असेल तर तळवा शाईवरून सरकून लवेवर (शाई आणि कड यांच्यामधल्या भागावर) पडतोय.

मेट्रोनोम मिनिटाला 40 ठोक्यांवर ठेवून एका ठोक्याला एकच अक्षर, सलग 10 मिनिटं. कंटाळवाणं आहे खरं, पण एवढ्या ठाय (संथ) लयीतच 'र' कच्चा असल्याचं कानाला कळतं. तो कच्चा असतोच, कारण पंजा 'ति'वर वजन टाकून मोकळा होतो आणि 'र' नुसता घसटून जातो. म्हणून काही दिवस 'र'वर मुद्दाम जोर द्यावा. दोन्ही आवाज सारखे झाले की मगच ठोक्याला दोन अक्षरं, मग चार. पुढे एका वेळी 4 ठोकेच वाढवायचे. खांदा वर चढू लागला किंवा बोटं फाकली, की 8 ठोके मागे या.

आता डग्गा. सुरुवातीला 'घे' (डग्ग्यावरचा बोल) फक्त पहिल्या 'धि'वर लावा. तो उजव्या हाताच्या मागून पडला तर धिरधिर फाटल्यासारखं ऐकू येतं, म्हणून आधी नुसता 'धि' दोन्ही हातांनी एकदम पडतोय ना, हे शंभरदा तपासा.

खरी परीक्षा 'धिरधिर किटतक'मध्ये असते, पंजाकडून पुन्हा बोटांकडे येताना. यातला 'कि' डग्ग्यावर वाजतो, म्हणजे तेवढं एक अक्षर उजवा हात मोकळा असतो. त्या अवकाशात पंजा उचलून बोटं 'ट'साठी तयार ठेवायची. हात 'धिर'वरच रेंगाळला तर 'ट' दबतो आणि पुढचा 'त'ही सोबत नेतो. सगळा रेला गढूळ होण्याचं कारण बहुधा हेच, आणि लोक मात्र धिरधिरच घासत बसतात. त्यापेक्षा 'र किट' एवढाच तुकडा वेगळा काढून 50 च्या लयीत घोटावा.

तबला फार लहान तोंडाचा असेल तर पंजा चाटेवर (कडेच्या पट्टीवर) आदळतो; साडेपाच इंचांचा किंवा त्याहून मोठा घ्या. घामाने तळवा चिकटत असेल तर चिमूटभर पावडर पुरते. मनगटात कळ आली तर त्या दिवशीचा रियाज तिथेच थांबवा.