छातीतले पाणी आणि भेटायला येणारी माणसे

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, फुफ्फुसाभोवती साठलेले पाणी सुईने काढून त्यांना घरी सोडले, तेव्हा हातातल्या कागदावर गोळ्यांची नावे आणि पुन्हा दाखवण्याची तारीख एवढेच होते. इंग्लंडमध्ये लीड्सला माझ्या शेजाऱ्यांवर हाच उपचार झाला, तेव्हा त्यांना छापील पत्रक मिळाले होते: पट्टी केव्हा काढायची, जड काय उचलायचे नाही, धाप वाढली, ताप आला किंवा छातीत अचानक दुखू लागले तर कुठे फोन करायचा. सोलापुरात पोहोचल्यावर मी तसेच पत्रक मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवले. त्यातले सगळे वहिनींना आधीच ठाऊक होते.

मला खरा त्रास झाला तो भेटायला येणाऱ्यांचा. पाणी काढल्यावर दबलेले फुफ्फुस पुन्हा पसरू लागले की खोकला येतो आणि बोलले की तो वाढतो. पारा चाळिशीपार असतानाही यंत्रमागावरचे जुने सहकारी, गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या आजी, कोणाकोणाचे जावई असे सगळे येत, आणि सुई केवढी होती, पाण्याचा रंग कसा होता, हे प्रत्येकाला अण्णांच्याच तोंडून ऐकायचे असे. तपासणीत क्षय निघाला आणि सहा महिन्यांची औषधे सुरू झाली, तेव्हा ते नाव ऐकून तरी गर्दी ओसरेल असे मला वाटले होते (थोडी आशाही होती). एकही माणूस कमी झाला नाही. लीड्सच्या शेजाऱ्यांकडे माझ्याशिवाय कोणी गेलेले मला दिसले नाही. मात्र त्यांना पुरेशी झोप मिळाली, हेही खरे.

रुग्णालयातली स्वतंत्र खोली माझ्या पगारातून झाली, हे येथे मुद्दाम लिहितो, कारण परदेशातल्या मुलाने काय केले, हा प्रश्न पाहुणे माझ्यादेखत विचारतात.

श्वास ओढून चेंडू वर न्यायचे, फुफ्फुसाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र मात्र मी कितीही सांगितले तरी अण्णा हातात घेत नव्हते. मागावरच्या नानांनी "एवढंही जमत नाही व्हय?" म्हणताच त्यांनी दोन चेंडू वर नेऊन दाखवले. त्यामुळे परत जाण्यापूर्वी नानांना रोज येण्याची आणि इतरांना दुपारी न येण्याची विनंती करायची आहे. दुसरी विनंती आपण करणार नाही, असे वहिनींनी आधीच सांगून टाकले आहे.