पुस्तकाचे रिव्ह्यू शोधायचे कसे? तालुक्याच्या वाचनालयातला माझा अनुभव

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडं पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईड, वह्या, कंपासपेट्या. कादंबरी हातात घेऊन चार पानं चाळावीत तर नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठावं लागतं. म्हणून वाचक मोबाईल घेऊनच काउंटरवर येतात, "मॅडम, चार स्टार हायेत, मागवू का?" आणि तीनशे-चारशे रुपये इथं कुणालाच किरकोळ नाहीत, त्यात वाचनालयाच्या अनुदानातून घ्यायच्या पुस्तकांच्या यादीत काय टाकायचं हा प्रश्न मलाही असतोच, तर हे सगळं करता करता रिव्ह्यू शोधायची जी रीत बसली ती लिहिते, कुणाला तरी कामाला येईल.

पहिली अडचण रिव्ह्यू सापडण्याचीच. आपल्याच जिल्ह्यातले आसाराम लोमटे, त्यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर एका रिटायर गुरुजींना त्यावर लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं होतं. नुसतं आलोक टाकलं की आलोक नावाची माणसं, कंपन्या, काहीही येतं. मग आलोक अवतरणचिन्हात टाकायचं, पुढं लोमटे, पुढं कथासंग्रह आणि शेवटी परीक्षण. तेवढ्यावर थांबायचं नाही, 'परिक्षण' असं ऱ्हस्व लिहूनही परत शोधायचं, कारण बऱ्याच जणांनी तसंच टाइप केलेलं असतं आणि ते लेख शुद्ध शब्दाला सापडतीलच असं नाही. मग समीक्षा, पुस्तक परिचय, रसग्रहण असे शब्द एकेक बदलत जायचं. विकणारी पानंच वर येत असतील तर उणे चिन्ह टाकून त्याला चिकटून, मधी जागा न सोडता, त्या दुकानाचं नाव लिहायचं, ती पानं गळून पडतात. आणि लोकसत्ताच्या रविवारच्या लोकरंग पुरवणीतलं किंवा साधना साप्ताहिकातलं परीक्षण हवं असेल तर इंग्रजीत साइट लिहून कोलन, त्याला लागून त्या संकेतस्थळाचा पत्ता आणि मग पुस्तकाचं नाव, म्हणजे गूगल तेवढ्याच ठिकाणी शोधतं. गुरुजी आता हे सगळं स्वतः करतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

स्टारचं सांगते. मराठी पुस्तकाला कधीकधी पाच-सहाच जणांनी स्टार दिलेले असतात, त्यात दोघं लेखकाच्या ओळखीचे निघाले तर सरासरीला काय अर्थ राहिला? शॉपिंग साइटवर एक स्टार दिलेला असतो आणि खाली वाचावं तर पाकीट फाटलेलं होतं, पार्सल उशिरा आलं, म्हणजे पुस्तकाचा त्यात काही दोषच नाही. 'व्हेरिफाइड परचेस' लिहिलेलं असलं की लोकांचा लगेच विश्वास बसतो, पण त्याचा अर्थ त्या माणसानं तिथून ते विकत घेतलं एवढाच, वाचलं असा नाही. गुडरीड्स म्हणून वाचकांनी पुस्तकांना स्टार आणि रिव्ह्यू द्यायची वेबसाइट आहे, तिथं तीन स्टार म्हणजे 'आवडलं' असा अर्थ त्यांनीच दिलाय, दोन म्हणजे 'ठीक', तर तिथले तीन बघून पुस्तक सोडून देऊ नका. मी तर तीन स्टारवालेच रिव्ह्यू आधी वाचते, त्यात काय आवडलं आणि कुठं कंटाळा आला दोन्ही असतं.

अनुवादाच्या पुस्तकात जास्त जपावं लागतं. गुडरीड्सवर एका पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या, सगळ्या भाषांतल्या, एकत्र जोडलेल्या असतात. मराठी अनुवादाचं पान उघडलं तरी खाली हजारो रिव्ह्यू दिसतात ते मूळ इंग्रजी पुस्तकाचे, आणि आपल्याला तर मराठी कसं उतरलंय तेच बघायचं असतं! तिथं भाषेचा फिल्टर लावून बघायचा, आणि गूगलमध्ये पुस्तकाच्या नावासोबत अनुवादकाचं नाव टाकायचं. ज्या रिव्ह्यूत अनुवादकाचं नावसुद्धा नाही त्यावर अनुवाद चांगला का वाईट हे ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पर्धा परीक्षेची पोरं तर आमच्या अभ्यासिकेत सकाळपासून बसलेली असतात, त्यांच्यासाठी तारीख सगळ्यात महत्त्वाची. एमपीएससी राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्याआधी पर्यायवाली होती. मग जुन्या रिव्ह्यूत 'मुख्यसाठी हे एकच पुस्तक पुरे' असं छातीठोक लिहिलेलं असलं तरी ते पर्यायवाल्या पेपरासाठी होतं. एक पोरगा म्हणला, "मॅडम, टॉपरनं सांगितलंय, कामून घेऊ नको?" मी म्हणलं, घे बाबा, पण आधी रिव्ह्यू कधीचा ते बघ, आवृत्ती कोणती ते बघ, आणि उत्तर लिहायला पुस्तक कामाला येतं का असं कुणी लिहिलंय का ते शोध. गरिबाघरची पोरं आहेत, चुकीच्या पुस्तकात पैसा आणि महिने दोन्ही जातात, ह्याचा मला खरंच घोर लागतो.

रिव्ह्यू खरा का उचललेला हे तपासायला एक साधी गोष्ट करते. त्यातलं एखादं वाक्य कॉपी करून अवतरणचिन्हात गूगलला टाकते. तेच वाक्य प्रकाशकाच्या पानावर निघालं तर तो मागच्या कव्हरचा मजकूर आहे, रिव्ह्यू नाही. नाहीतर मग त्या माणसाचं नाव दाबून त्यानं आधी काय काय वाचलंय ते बघते, सगळ्यांनाच पाच स्टार देणारा असेल तर पुढं जाते. प्रकाशकानं प्रत भेट दिली असं कुणी सरळ लिहिलं असेल तर मात्र मी तो रिव्ह्यू टाकून देत नाही, उलट असं सांगणाऱ्याचं मी जास्त लक्ष देऊन वाचते. युट्यूबवर बरेच जण गोष्टच सांगून टाकतात, तिथं माझा फारसा वेळ जात नाही.

लहान मुलांच्या पुस्तकांना हे सगळं लागू पडत नाही. तिथं लिहिणारे आई-वडील, कागद जाड आहे, चित्रं छान, वाढदिवसाला द्यायला चांगलं. पण चौथीतल्या पोरीला ते एकटीनं वाचता येईल का, एका पानावर मजकूर किती, अक्षर केवढं, हे कुणी लिहीतच नाही. म्हणून तिथं मी रिव्ह्यूतले फोटो आधी उघडते, कुणीतरी आतल्या पानाचा टाकलेला असतो, नाहीतर प्रकाशकाकडं नमुना पान मिळतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरं वाचनालयात येतात, त्यांच्या हातात मोबाईल देऊन ते पान मोठ्यानं वाचायला लावते, आणि पान संपल्यावर "मॅडम, पुढं काय झालं?" असं विचारलं की ते पुस्तक यादीत घेते.